माठातले स्पीकर

आमच्या घरात कुणालाही कमी ऐकू येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा उपद्व्याप याच एका समजुतीवर उभा आहे.

वडील तारमास्तर होते. यंत्राची कडकट्ट ऐकायची आणि त्यातून शब्द काढून कागदावर उतरवायचे, यातच त्यांची सगळी नोकरी झाली. ऑफिसात पंखे, टाइपरायटर आणि माणसं एकदम चालू असताना आपल्या यंत्राचा आवाज तेवढा वेगळा काढायचा, हे त्यांचं कसब. कुणी हातांवर पोट भरतं, कुणी जिभेवर. बाबांनी कानांवर भरलं. त्यामुळे निवृत्तीनंतर ते डोंबिवलीला आमच्याकडे राहायला आले आणि काही काळाने त्यांना टीव्ही नीट कळेनासा झाला, तेव्हा त्यांनी दोष काढला तो टीव्हीवाल्यांचा.

"हल्ली हे लोक पुटपुटतात," ते म्हणाले. "पूर्वी बातम्या देणारी माणसं तोंड उघडायची."

नव्वदचं दशक संपत आलेलं. केबल घरोघरी पोहोचलेली, आणि पुटपुटणाऱ्या लोकांची संख्या बरीच वाढलेली होती. आम्हीही मान डोलावली. तारमास्तराला "तुम्हाला ऐकू येत नाही" असं सांगण्याची आमच्या घरात पद्धत नव्हती. मी एकदाच धीर केला.

"बाबा, एकदा कान दाखवून घ्यायचे का?"

"कुणाचे?"

"नाही, म्हणजे सगळ्यांचेच."

"तुझे दाखवून घे. लहानपणी डावा फुटायचा तुझा."

पुढच्या आठवड्यात मी माझे कान दाखवून आलो. दोन्ही उत्तम निघाले.

विनोदी मालिका लागली की आम्ही दोघं हसायचो, आणि आमचं हसून संपत आलं की बाबा हसायचे. ते पडद्याकडे बघतच नसत, आमच्या तोंडाकडे बघत. मग हळूहळू मालिकेच्या वेळेला ते वर्तमानपत्र घेऊन गॅलरीत जाऊन बसायला लागले. सकाळी वाचून झालेलं वर्तमानपत्र.

बायको म्हणाली, "अहो, बाबा आपल्यातून उठून चाललेत. लक्षात येतंय का तुमच्या?"

"गॅलरीतच तर जातात."

"आज गॅलरीत जातात," ती म्हणाली आणि पुढचं काही बोलली नाही. तिचं न बोललेलं मला नेहमी उशिरा कळतं, पण ते लगेच कळलं. बाबांना उठून जावं लागू नये, असा आवाज घरात आणायचा, असं मी ठरवलं. कान बदलता येत नव्हते, म्हणून टीव्ही सुधारायचा.

आवाजाच्या शास्त्राशी माझा पूर्वीचा संबंध एवढाच, की ऐंशीच्या दशकात मी एका डबल कॅसेट टेपरेकॉर्डरला शिलाई मशीनचं तेल घातलं होतं. त्यानंतर तो दोन्ही बाजूंनी कॅसेट खायचा. पण तेव्हा मी ठाण्याला भाड्याच्या खोलीत राहत होतो आणि त्या प्रकाराला डोंबिवलीत साक्षीदार नव्हता. त्यामुळे नव्या घरात मी जाणकार म्हणून सुरुवात करू शकलो.

माझा मेहुणा वर्तकनगरला राहायचा. त्याने नुकतंच होम थिएटर घेतलेलं. पाच स्पीकर, आणि सोफ्याखाली सहावा एक ठोकळा. आम्ही तिघंही बघायला गेलो.

"भाऊजी, तुम्ही मध्ये बसा. बाबा, तुम्ही इकडे. ताई, पाय वर घे, मजा येईल. आता हेलिकॉप्टर येणार."

हेलिकॉप्टर स्वयंपाकघरातून आलं, दिव्याभोवती फिरलं आणि संडासाच्या बाजूला गेलं. बायकोने डोक्यावर हात धरला. मी वाकलो. बाबा मात्र ताठ बसून होते. त्यांचा एक हात सोफ्यावर टेकलेला, आणि चेहरा कितीतरी दिवसांनी उजळलेला.

"वा!" ते म्हणाले. "छान! स्पष्ट!"

मी बायकोकडे विजयी नजरेने पाहिलं. बाबांना ऐकू येत होतं. आवाज फक्त दणदणीत पाहिजे होता. सोफ्याखालच्या ठोकळ्याने सोफा हलत होता आणि बाबांना ते हलणं कळत होतं, ही शक्यता माझ्या डोक्यात आली नाही. माझ्या डोक्यात अजून हेलिकॉप्टर होतं.

निघताना मेहुण्याने किंमत माझ्या कानात सांगितली. कान नुकतेच तपासून आणलेले असल्यामुळे ती नीट ऐकू आली.

आमच्याकडे होते ते घराला रंग काढायला बाजूला ठेवलेले पैसे. मेहुण्याच्या त्या सेटचे दोन स्पीकर आणि रिमोट त्यात आले असते. मी विषय काढायला घाबरत होतो, पण बायको स्वतःच म्हणाली, "भिंती काही उठून गॅलरीत जात नाहीत. बघा काय मिळतंय."

मग मी दुकानं पालथी घालायला लागलो. आपल्याला यातलं काही कळत नाही हे दुकानदाराला कळू न देणं, हेच माझं तिथलं मुख्य काम होतं. माझं ऑफिस ठाण्याला, आणि माजिवड्याच्या बाजूला एक जण सुटे भाग जोडून सेट बनवून द्यायचा. स्वस्त. त्याच्या दुकानात शिरल्यावर त्याने विचारलं, "किती वॅटचं बघताय, साहेब?"

"चांगलं."

"पीएमपीओमध्ये सांगू की आरएमएसमध्ये?"

"दोन्हीत."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. त्याला काय ते समजलं असावं, कारण त्यानंतर त्याने एकही आकडा उच्चारला नाही. तो म्हणाला, "वॅट-बिट सोडा. हात ठेवा इकडे, स्पीकरसमोर. हवा आली?"

"आली."

"झालं. हवा आली म्हणजे आवाज आला. बाकी सब बोलने की बातें."

मी हात तसाच ठेवून डोळे मिटले. जाणकार लोक डोळे मिटतात, असं मी पाहिलेलं होतं. "ट्रेबल जरा पुढे येतोय," मी म्हणालो. त्याने एक बटण फिरवलं. "आता?" "आता मागे गेला." बटण कशाचं होतं मला माहीत नाही. नंतर तेच बटण आमच्या घरी आलं तेव्हा कळलं की ते दिवे नाचवायचं होतं.

दुकानात तो एकच ढोलाची कॅसेट वाजवायचा. आलेल्या प्रत्येकाला ढोलच ऐकवायचा. बातम्या कशा ऐकू येतील, असं मला विचारायचं होतं. पण एवढ्या मोठ्या यंत्रासमोर उभं राहून बातम्यांची चौकशी करणं मला कमीपणाचं वाटलं. मी ढोलावर समाधान मानलं.

अ‍ॅम्प्लिफायर ठरला, पुढचे दोन स्पीकर ठरले, ठोकळाही ठरला. मागच्या दोन स्पीकरांच्या लाकडी खोक्यांपाशी पैसे संपले.

"मागचे माठात बसवा ना," दुकानदार म्हणाला. "सगळे तेच करतात. माठाच्या तोंडावर स्पीकर, बुडाला वायरपुरतं भोक. लाकूड काय वाजेल असा आवाज येतो. फक्त दोन्ही माठ एका आवाजाचे घ्या."

दोन्ही माठ एका आवाजाचे हवेत, हे ज्ञान घेऊन मी आणि बायको कल्याणला कुंभाराकडे गेलो. माठाची परीक्षा हा बायकोचा प्रांत. ती एका हाताच्या बोटावर माठ तोलते, दुसऱ्या हाताने टिचकी मारते आणि त्यावरून तो गळणार की नाही ते सांगते. मी मागे उभा राहून टिचक्या ऐकत होतो.

"हा टण् आहे, तो टम् आहे," मी म्हणालो. "जुळत नाहीत."

कुंभार म्हणाला, "दोघांतलं पाणी सारखंच गार होईल."

"पाणी नाही भरायचं."

"मग धान्य?"

"गाणी," बायको म्हणाली. तिने हे अशा सुरात सांगितलं की कुंभाराने पुढे काही विचारलं नाही.

तेवढ्यात आणखी दोन बायका माठ घ्यायला आलेल्या, त्यांना आमचा शोध आवडला. "ताई, हा बघा, हा त्याच्याशी जुळतो." "छे, हा बसका आहे. तो कडेचा वाजवा." थोड्या वेळात कुंभाराचे सगळे माठ ओळीत मांडले गेले होते आणि चार माणसं त्यांना टिचक्या मारत फिरत होती. शेवटी एका आवाजाचे दोन माठ सापडले. बायकोने तिसराही घेतला.

"तिसरा कशाला?"

"असू दे."

परत येताना ठाकुर्लीच्या रस्त्यावर रिक्षा खड्ड्यांत आदळत होती. बायकोने दोन माठ मांडीवर घेतले होते, मी एक. रिक्षावाला दर खड्ड्याला मागे वळून "सांभाळा हां" म्हणायचा आणि वळल्यामुळे पुढच्या खड्ड्यात जायचा.

घरी येऊन मी पहिल्या माठाला बुडाशी भोक पाडलं. माठ फुटला. बायकोने तिसरा माठ पुढे सरकवला. उरलेली दोन भोकं तिने स्वतः पाडली, खिळा आणि पाणी घेऊन, सावकाश. तिसरा माठ टम् होता, हे मी कुणाला सांगितलं नाही.

पुढचे स्पीकर टीव्हीच्या दोन्ही अंगांना, ठोकळा बाबांच्या खुर्चीखाली, आणि माठ त्यांच्या डोक्यावर, माळ्याच्या कडेला दोन टोकांना, तोंड खाली कलवून. टीव्हीचा स्वतःचा आवाज बंद केला आणि सगळा आवाज या यंत्रातून सोडला. बाबा खुर्चीत येऊन बसले. मान वर करून त्यांनी एकेका माठाकडे पाहिलं.

"पडणार नाहीत ना?"

मी नाही म्हणून मान हलवली आणि बटण दाबलं.

मालिकेतली सासू पहिलं वाक्य बोलली. ते वाक्य विहिरीच्या तळातून आलं, घरभर फिरलं आणि जिन्यातून खाली गेलं. नायिकेने उत्तर दिलं, तेही विहिरीतूनच. दोघी एकाच विहिरीत पडलेल्या असाव्यात आणि एकमेकींना दोष देत असाव्यात, असं वाटत होतं. शब्द एकही कळत नव्हता. मला कळत नव्हता, आणि माझे कान उत्तम होते. शोकेसमधल्या बश्या मात्र प्रत्येक वाक्याला थरथरत होत्या.

"कसं वाटतंय?" मी बाबांच्या पुढ्यात वाकून विचारलं.

"झकास," बाबा म्हणाले.

मालिकेत कुणीतरी विनोद केला असावा. बायको हसली. मी हसलो. आमचं हसून संपत आलं, आणि बाबा हसले.

तीन-चार दिवसांनी खालच्या मजल्यावरच्या वहिनी जिन्यात भेटल्या. मी माफी मागायच्या तयारीत होतो.

"अहो भाऊजी, किती सोय झाली! आम्ही आमचा आवाज बंदच केला. चित्र आमचं, आवाज तुमचा. फक्त ते नऊ वाजता तुम्ही दुसरं चॅनल लावता ना, तेव्हा आमच्याकडे बाई रडते आणि तुमच्याकडून क्रिकेट येतं. जरा जमवून घेता येईल का?"

"बघतो," मी म्हणालो. "पण तुम्हाला बोलणं कळतं?"

"स्लॅबमधून छान कळतं."

म्हणजे आवाज इमारतीत सगळीकडे स्पष्ट होता. फक्त आमच्या घरात नव्हता.

मग मी सुधारणा करायला घेतल्या. माठात कापूस भरला. कापूस काढून वाळू भरली. वाळू स्पीकरमधून गळून बाबांच्या टकलावर पडायला लागली, तेव्हा वाळू काढून बायकोचं जुनं पातळ भरलं. माठ जवळ आणले, लांब नेले, भिंतीकडे तोंड करून ठेवले. मी स्टुलावर चढलेला असायचो आणि बाबा खाली खुर्चीत बसून परीक्षा द्यायचे. मालिकेच्या वेळेला ते आता गॅलरीत जात नव्हते, कारण त्या वेळेला मला त्यांची गरज लागायची.

"आता?" मी वरून हाताने खूण करायचो.

"आता बरं आहे."

मी माठ सरकवायचो. "आता?"

"आता जास्त बरं."

एका रविवारी संध्याकाळी मी डावीकडचा माठ जरा ओढला, तशी वायर ताणली जाऊन अ‍ॅम्प्लिफायर सरकला आणि त्याची वायर टीव्हीच्या पाठीमागून निसटली. सगळा आवाज एकदम बंद झाला. पडद्यावर बातम्या देणारी बाई ओठ हलवत होती. खोलीत इतकी शांतता, की शेजारच्यांचा मिक्सर ऐकू यायला लागला. मला वर स्टुलावर काय झालं ते पटकन उमगलं नाही. सवयीने माझा हात गेला. "आता?"

बाबांनी पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मान थोडी तिरकी करून, जाणकारासारखं.

"आता उत्तम," ते म्हणाले. "आता हात लावू नकोस."

बायको कणीक मळता मळता दारात आलेली. आमची नजरानजर झाली. मिक्सर थांबला. मी स्टुलावरून उतरलो, टीव्हीमागे गेलो आणि वायर हळूच परत खोचली. बातम्या देणारी बाई पुन्हा विहिरीत पडली. बाबांच्या चेहऱ्यावर काहीही बदललं नाही.

त्यावर एखादा समजूतदार माणूस काय करेल ते मला आज सांगता येईल. मी त्या वेळी ठरवलं की यंत्र कमी पडतंय, मोठा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा. आपण बापाच्या बाबतीत जे बघतो ते खरं मानायला फार वेळ लागतो, आणि तोवर दुकानात जाणं सोपं असतं.

"ठाण्याला जाऊन येतो," मी बाबांना मोठ्याने सांगितलं. "अ‍ॅम्प्लिफायर बदलून मोठा आणतो."

"मी येतो," बाबा म्हणाले.

दुकानदाराने बाबांना स्टूल दिलं आणि आमचा अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या स्पीकरांना जोडून ढोल लावला. "काय प्रॉब्लेम आहे? मस्त वाजतोय."

"बोलणं स्पष्ट येत नाही," मी म्हणालो.

"मग हा घ्या. याच्या डबल आहे. थोडे वरचे पैसे द्या, जुना मी ठेवून घेतो." त्याने एक भला मोठा डबा काउंटरवर ठेवला. "हात ठेवा, साहेब. हवा बघा."

मी हात पुढे केला. बाबा स्टुलावरून उठले आणि त्यांनी माझा हात धरून खाली घेतला.

"तो ढोल बंद करा," ते दुकानदाराला म्हणाले. त्याने केला. "तुमच्या यंत्रात दोष नाही. याचंही काही चुकलेलं नाही. मला ऐकू येत नाही."

दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी काउंटरकडे.

"अजिबातच नाही येत?" त्याने विचारलं. बाबा त्याच्या ओठांकडे बघत होते.

"तुम्ही समोर उभं राहून बोललात तर कळतं. टीव्हीतलं नाही कळत. इतकी वर्षं या कानांवर पगार घेतला मी. ते गेले, तर मला कळणार नाही का?"

"मग सांगितलं का नाहीत, बाबा?" मी विचारलं. मग लक्षात आलं की मी खाली बघून बोललो. मान वर करून पुन्हा विचारलं.

"तू एवढा हौसेने स्टुलावर चढत होतास," बाबा म्हणाले. "माठ आणलेस. त्यांत सूनबाईचं पातळ भरलंस. तुझा विरस कशाला करायचा? पण आता हा आणखी पैसे काढायला निघालाय," हे दुकानदाराला, "म्हणून म्हटलं, बोलावं."

म्हणजे मी त्यांच्यासाठी सेट आणला होता आणि ते माझ्यासाठी तो ऐकत होते. सगळ्या इमारतीत तो सेट खरोखर कुणी ऐकत असेल, तर त्या खालच्या वहिनी.

दुकानदाराने ढोलाची कॅसेट काढून ठेवली. मोठा डबा हातचा जात होता, त्यामुळे त्याला वाईट वाटणं साहजिक होतं. मग म्हणाला, "वूफर तरी राहू दे, बाबा. खुर्ची हलते ना?"

"खुर्ची हलते ते चांगलं वाटतं," बाबांनी मान्य केलं. ठोकळा राहिला. बाकीचं सामान त्याने पुढच्या आठवड्यात परत घेतलं. माठ घेतले नाहीत.

ठाण्यातच कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. बाबांना शर्टाच्या खिशात ठेवायचं एक छोटं यंत्र मिळालं. त्याची वायर कानापर्यंत जायची. मला वाटलं होतं, चारचौघांत ते वापरायला लाजतील. पण त्याला वायर होती, बटण होतं आणि ते खिशात कडकड करायचं. बाबांनी ते ऑफिसच्या नव्या साहेबासारखं स्वीकारलं, म्हणजे आधी संशयाने, मग सांभाळून घेत.

आमचा टीव्ही पुन्हा स्वतःच्या आवाजात बोलायला लागला. वहिनी काळजीने वर येऊन गेल्या. "कुणी आजारी नाही ना? दोन दिवस काही ऐकूच येत नाही म्हणून म्हटलं बघून यावं."

त्या संध्याकाळी बाबा आमच्याबरोबर मालिकेला बसले. खिशातलं बटण फिरवून त्यांनी सासूचं बोलणं ऐकलं, मग नायिकेचं. विनोदाच्या जागी आम्ही हसलो. बाबा हसले नाहीत. ते टीव्हीकडे बघत होते, आमच्याकडे नाही. भाग संपला तेव्हा ते म्हणाले, "हे तुम्ही रोज ऐकता?"

"हो."

"स्वतःहून?"

आणि वर्तमानपत्र उचलून गॅलरीत गेले. बायकोने बघितलं. ते आजचंच होतं आणि अजून उघडलेलं नव्हतं. ती हसत हसत स्वयंपाकघरात गेली, मीही पाठोपाठ गेलो. भाजीची पिशवी उपडी करून ती अगदी हळू, माझ्यापुरतं म्हणाली, "कारल्याची करू का हो? त्यांना चालेल ना?"

"मला नको," गॅलरीतून आवाज आला. "आणि त्यालाही आवडत नाही, तो तुला घाबरून खातो."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे. तिने एकेक करून कारली पुन्हा पिशवीत भरली.